निर्लेखित

टायपिंगच्या अकरा मशिनी किलोवर गेल्या
आणि त्याच पैशात मी जीप घेतली.
परभणीला, मुख्यालयामागच्या मैदानात,
लिलावाच्या यादीत एकोणिसावी :
'जीप, निर्लेखित, आहे त्या स्थितीत.'
बोली चढवायला दुसरं कुणी नव्हतं.
भंगारवाला युनूस तेवढा म्हणाला,
सर, पत्रा पातळ आहे, हात कापून घ्याल.

स्थिती अशी होती :
क्लचच्या भोकातून वर आलेली बाभळ,
मीटरच्या काचेआड गांधीलमाश्यांचं घर,
टपावर दिव्याची जागा, दिवा नाही,
त्याची वायर मात्र लोंबत होती
कुणी आत्ताच हात सोडल्यासारखी.

ट्रॅक्टरला दोर बांधून जिंतूरला आणली.
सुलोचना उंबऱ्यात उभी.
लोक पोलीस दारातून जावेत म्हणून नवस बोलतात,
तुम्ही कामून ओढून आणले?

खाजा मिस्त्रीनं प्लग काढून रॉकेल ओतलं,
म्हणाला, आता आठ दिवस हिच्याशी बोलू नका.
नवव्या दिवशी हँडल मारलं. नाही.
अकराव्या दिवशीही नाही.
मधे पोळा होऊन गेला,
कुणाच्या तरी बैलाची झूल आठवडाभर बॉनेटवर पडून राहिली.
पाटे नांदेडहून आले.
डायनॅमो मानवतच्या गिरणीत सापडला,
पिठानं पांढरा, आतून ठणठणीत.

मग मागचा बाक उचकटला.
खाली विडीचं थोटूक, खाकी गुंडी,
हिरव्या काकणाचा तुकडा,
आणि पत्र्यावर, बसल्या हाताला येईल अशा उंचीवर,
खिळ्यानं कोरलेलं :
लिंबा
पुढं एक उभी रेघ, अर्ध्यात वाकडी झालेली,
गाडीला गचका बसला असेल,
किंवा हाताला.

गंगाधर पेंटर लांबी मळून तयार.
सर, बुजवू?
तीस वर्षं मी पोरांना सांगत आलो,
चुकलं तर खोडत बसू नका, पुढच्या अक्षरावर जा.
मी म्हटलं, राहू दे.
तो म्हणाला, रंगाखालून दिसंल.
मी म्हटलं, दिसू दे.

आरटीओतला माणूस जेवून आलेला, दात कोरत बोलला :
पोलिसी रंग चालणार नाही,
दिवा चालणार नाही, दारावरची अक्षरं तर नाहीच.
म्हणजे जशी होती तशी करायची
सोडून बाकी सगळं करा.
गंगाधरनं चार डबे एकत्र ओतून
करडईच्या फुलाचा रंग काढला.
अशा रंगाला कोण भिणार, असं वाटलं.

पण आवाजाला रंग कुठं देता येतो?
चारठाणा फाट्यावर पोचण्याआधीच
वडाखाली पत्ते कुटणारे पाच जण
चपला टाकून तुरीत शिरले.
मी गाडी थांबवून एकाचा डाव पाहिला.
तीन एक्के होते बिचाऱ्याकडं.

एक म्हातारा तेवढा पळाला नाही.
धोतर सावरत आला,
टायरपासून टपापर्यंत बघत राहिला.
हिची पायरी लई उंच होती, म्हणाला,
ढकलूनच चढवावं लागायचं माणसाला.
मी पुढचं दार उघडलं.
तो मागून गेला, आपला आपण चढला,
डाव्या कोपऱ्यात बसला.
स्टँडपर्यंत सोडा.

आरशात त्याचा चेहरा येत नव्हता,
कोपर येत होतं, हलणारं,
पत्र्यावर काहीतरी चाचपणारं.
मी नाव विचारलं नाही.
खड्डे चुकवत राहिलो
आयुष्यात कधी चुकवले नाहीत इतके.

स्टँडवर उतरून त्यानं कनवटीला हात घातला.
किती झाले?
अहो, काही नको.
तव्हा बी फुकटच नेलं होतं, म्हणाला,
आणि दहाची नोट सीटवर ठेवून
गर्दीत गेला.

मी चावी काढली.
इंजिन तरी धडधडत राहिलं,
मोजलं तर सात-आठ ठोके.
खाजा म्हणतो, टायमिंग चुकलंय,
शुक्रवारनंतर आणा, बघतो.